डॉ. आंबेडकरांची विद्यासाधना

२ मार्च १९३० रोजीं नाशिक शहरांत हजारों माणसांची एक शांत मिरवणूक काळारामाच्या मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते, आणि ते सर्वांस उघडावेत एवढीच त्या लोकांची मागणी होती. त्यांचे पुढारी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें वय त्या वेळीं अडतीस वर्षांचें होतें. त्यांच्या नांवापुढें एम्. ए., पीएच्. डी., डी. एस्सी., बॅरिस्टर-अ‍ॅट-लॉ अशी पदव्यांची ओळ लागत असे. मोठ्यानें वाचली तर ही ओळ एका श्वासांत संपते. ती पुरी होण्यास मात्र चौदा वर्षें लागलीं. १९१३ सालीं न्यूयॉर्क येथें तिचा आरंभ झाला आणि १९२७ सालीं तेथेंच तिचें शेवटचें अक्षर पडलें.

सत्याग्रही आंबेडकर नाशिककरांच्या परिचयाचे आहेत, घटनाकार आंबेडकर साऱ्या देशाच्या परिचयाचे आहेत. परंतु विद्यार्थी आंबेडकर तितकेसे परिचित नाहींत. त्यांची बुद्धि तीव्र होती एवढें सांगून लोक हा विषय संपवितात. त्या चौदा वर्षांचा हिशेब मांडून पाहिला तर वेगळेंच चित्र दिसतें. बुद्धीची परीक्षा त्यांत अधूनमधून झाली. चिकाटीची परीक्षा मात्र एक दिवस खंड न पडतां चालूच होती.

भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेंत शिक्षक होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून १९०७ सालीं मुलगा मॅट्रिक झाला. अस्पृश्य म्हणून गणलेल्या कुटुंबांत ही गोष्ट त्या काळीं इतकी अपूर्व होती कीं त्याच्या सत्कारासाठीं सभा भरविण्यांत आली. पुढें बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या मदतीनें कॉलेजचें शिक्षण होऊन भीमराव १९१२ सालीं बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्यें रामजी वारले. ज्यानें मुलाच्या पुस्तकांसाठीं नातेवाइकांपुढें हात पसरला होता, त्या बापानें मुलाचा खरा विद्याभ्यास पाहिलाच नाहीं.

त्याच वर्षीं सयाजीरावांनीं परदेशी शिक्षणासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षें चालणारी शिष्यवृत्ति दिली. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावयाची अशी अट होती. जुलै १९१३ मध्यें भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय आणि प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे गुरु. १९१५ सालीं एम्. ए. झालें. मे १९१६ मध्यें त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींच्या उत्पत्तीवर एक निबंध वाचला आणि जून १९१६ मध्यें हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध डॉक्टरच्या पदवीसाठीं विद्यापीठाच्या हवालीं केला. तीन वर्षांच्या मुदतींत एवढें काम झालें, यापेक्षां अधिक कोणी काय करावें?

पण पदवी हातीं आली नाहीं. त्या काळीं कोलंबियाचा नियम असा होता कीं, प्रबंध छापून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठास दिल्याखेरीज पीएच्. डी. ची पदवी द्यावयाची नाहीं. साडेअकरा पौंडांत घर चालवून, घरीं पैसे पाठवून आणि जुनीं पुस्तकें विकत घेऊन छपाईसाठीं काय उरणार? काम पुरें झालें असतां पदवी अकरा वर्षें अधांतरीं राहिली, ती या एका नियमामुळें. विद्वत्तेच्या मार्गांत सर्वच अडथळे विद्वत्तेचे नसतात. कित्येकदां ते छापखान्याच्या बिलाचे असतात.

ऑक्टोबर १९१६ मध्यें भीमराव लंडनला आले. एकीकडे ग्रेज इनमध्यें बॅरिस्टरीसाठीं नांव घातलें आणि दुसरीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें एम्. एस्सी. व डी. एस्सी. चा अभ्यास सुरू केला. बडोद्यानें शिष्यवृत्तीची मुदत एक वर्ष वाढविली होती. तें वर्ष १९१७ च्या उन्हाळ्यांत संपलें आणि परत येण्याची आज्ञा झाली. महायुद्ध चाललेलें, अभ्यास अर्धा, हातांत पैसा नाहीं, अशा स्थितींत त्यांना लंडन सोडावें लागलें.

येथें त्यांनीं जी एक गोष्ट केली तिच्याकडे चरित्र वाचणाऱ्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. निघण्यापूर्वीं त्यांनीं लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी घेतली कीं, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत परत आल्यास खंडित अभ्यास तेथूनच पुढें चालू करतां यावा. निराश झालेला मनुष्य बहुधा दार आपटून निघून जातो. या विद्यार्थ्यानें दार नुसतें लोटून ठेवलें आणि कडी आपल्या बाजूस राहील अशी व्यवस्था केली. पुढच्या सर्व इतिहासाचा पाया या साध्या अर्जांत आहे.

सामान आणि पुस्तकें त्यांनीं एका मालवाहू बोटीनें पाठविलीं व स्वतः फ्रान्समार्गें दुसऱ्या बोटीनें निघाले. सामानाची बोट शत्रूच्या पाणतीराला बळी पडून समुद्राच्या तळाशीं गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजीं ते मुंबईस उतरले, तेव्हां चार वर्षांत जमविलेल्या ग्रंथांचा व टिपणांचा मोठा भाग त्यांच्यापाशीं नव्हता. बुडालेल्या सामानाबद्दल सुमारें सहाशें रुपयांची भरपाई मिळाली, आणि बडोद्याला जाण्याचा खर्च त्यांतूनच भागला.

बडोद्यांत काय झालें तें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून नेमणूक झाली. परंतु कचेरींतील शिपाई विटाळ होईल या भीतीनें कागद त्यांच्या टेबलावर लांबून फेकीत. शहरांत राहण्यास जागा कोणी देईना. नाइलाजानें ते एका पारशी विश्रामगृहांत जात लपवून राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेले लोक दारांत उभे राहिले आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. कोलंबियाचा एम्. ए. झालेला तो तरुण सार्वजनिक बागेंत एका झाडाखालीं रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसून राहिला. रात्रीं तो मुंबईला परतला.

यानंतरचें वर्ष फार कठीण गेलें. त्यांनीं शिकवण्या केल्या. शेअरबाजारांतील व्यापाऱ्यांस सल्ला देण्याची कचेरी उघडून पाहिली. पण सल्ला देणाऱ्याची जात कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना. अशा वेळीं अभ्यासाचा धागा तुटणें अगदीं स्वाभाविक होतें. भीमरावांनीं तो तुटूं दिला नाहीं. न्यूयॉर्कचा जातिविषयक निबंध मे १९१७ मध्येंच ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकांत छापून आला होता. १९१८ सालीं हिंदुस्थानांतील लहान शेतजमिनींचा प्रश्न व त्यावरील उपाय या विषयावर त्यांचा निबंध अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकांत आला. बर्ट्रांड रसेल यांच्या समाजरचनेवरील ग्रंथाचें परीक्षणही त्यांनीं त्याच सालीं लिहिलें. विद्यापीठ सात हजार मैलांवर होतें. विद्यार्थी मात्र आपल्या टेबलाशींच होता.

नोव्हेंबर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना दरमहा साडेचारशें रुपयांची जागा मिळाली. तेथेंही प्राध्यापकांच्या खोलींतील पाण्याच्या माठाला त्यांनीं हात लावूं नये, असा कांहीं सहकाऱ्यांचा आग्रह होता. परंतु विद्यार्थ्यांत त्यांच्या व्याख्यानांची कीर्ति पसरली. पगार चांगला होता, जागा मानाची होती, संसाराची ओढाताण संपण्याजोगी होती. दुसरा कोणी असता तर लंडनचा विषय मनांतून काढून टाकता. त्यांनीं परळच्या पोयबावडींतील चाळींत दोन खोल्यांचा संसार तसाच ठेवला आणि पगारांतून पैसा बाजूला टाकला. मार्च १९२० मध्यें त्यांनीं नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्रानें दिलेले पांच हजार रुपयांचें कर्ज एवढ्या बळावर जुलै १९२० मध्यें ते पुन्हा विलायतेस निघाले. लंडन विद्यापीठानें दिलेल्या चार वर्षांपैकीं एक वर्ष अद्याप शिल्लक होतें.

ही दुसरी खेप पहिलीपेक्षां कडक होती. आतां शिष्यवृत्ति नव्हती; प्रत्येक दिवस कर्जाचा होता. सकाळीं खाणावळीच्या घरांतील पावाचा तुकडा व चहा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयांत जात आणि तें बंद होईपर्यंत उठत नसत. रात्रीं भूक फार लागली तर जवळचे दोनचार पापड भाजावे, पेलाभर गरम पेय घ्यावें आणि पुन्हा वाचावयास बसावें, असा क्रम असे. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांतील सरकारी अहवालांच्या राशी त्यांनीं उपसल्या. इकडे मुंबईस रमाबाई तुटपुंज्या रकमेंत घर चालवीत होत्या. या दांपत्याच्या पांच अपत्यांपैकीं चार बालपणींच गेलीं. एकटा यशवंत जगला. विद्येची किंमत सांगतांना ती कोणी कोणी मोजली हेंही सांगितलें पाहिजे. त्या पदव्यांवर नांव एकाचें असलें तरी उपास दोघांचे आहेत.

जून १९२१ मध्यें ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधानें एम्. एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्यें डी. एस्सी. चा प्रबंध सादर झाला. त्याचें नांव ‘रुपयाचा प्रश्न’. तो देऊन भीमराव पुढील अभ्यासासाठीं जर्मनींत बॉन येथें गेले. मार्च १९२३ मध्यें प्राध्यापक एडविन कॅनन यांचें बोलावणें आलें. परीक्षकांना प्रबंध आहे त्या रूपांत मान्य नव्हता. तो पुन्हा लिहून आणावा असा निर्णय झाला होता.

प्रबंधांत असें होतें तरी काय? पूर्वीं कोणीही चांदी घेऊन टांकसाळींत जावें आणि तिचे रुपये पाडून घ्यावे अशी मोकळीक होती. १८७० च्या पुढें जगांत चांदी स्वस्त झाली. त्यामुळें जवळजवळ दोन शिलिंगांचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. हिंदुस्थान सरकारला विलायतेचा खर्च सोन्यांत भरावा लागे, म्हणून त्यानें १८९३ सालीं टांकसाळी लोकांना बंद केल्या आणि पुढें रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला. देशांत रुपया, परदेशाशीं व्यवहारांत सोनें, अशी ती पद्धति. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञानें १९१३ सालीं एका ग्रंथांत तिचें समर्थन केलें होतें. या पद्धतीवर तिशीच्या उंबरठ्यावरील एका हिंदी विद्यार्थ्यानें प्रहार केला. रुपये किती पाडावे यावर सरकारला लगाम नसल्यानें चलन वाढतें, महागाई होते, आणि तिचा भार हातावर पोट असणाऱ्यांवर पडतो. म्हणून टांकसाळ जशी लोकांना बंद तशी सरकारलाही बंद व्हावी आणि चलनाला निश्चित मर्यादा असावी, असें त्याचें म्हणणें होतें. विलायतेच्या बाजारांतील भावापेक्षां देशांतील रुपयाची खरेदीची शक्ति स्थिर राहणें त्याला महत्त्वाचें वाटत होतें. सरकारच्या चलननीतीवर त्यानें सरकारच्याच आंकड्यांनीं टीका केली होती.

निर्णय कळला तेव्हां पैसा संपला होता. लंडनमध्यें राहून पुन्हा लिहिणें शक्य नव्हतें. एप्रिल १९२३ मध्यें भीमराव मुंबईस परतले. कर्ज डोक्यावर, वकिली अजून सुरू व्हावयाची, घरांत ओढग्रस्त, आणि हातांत परत आलेला प्रबंध. कित्येक अभ्यासकांची होडी अशाच किनाऱ्यावर फुटते. कोणी अपमान मानून प्रबंध पेटींत टाकतो. कोणी परीक्षकांना रुचेल तें लिहून देऊन मोकळा होतो. भीमरावांनीं तिसरा मार्ग धरला. पोयबावडीच्या चाळींत बसून त्यांनीं प्रबंध नव्यानें लिहिला. चरित्रकार धनंजय कीर सांगतात कीं, त्यांनीं मांडणी बदलली, पण निष्कर्ष बदलले नाहींत. शब्दावर अडून न बसणें आणि सिद्धांतावरून न हटणें, या दोहोंतील भेद ज्याला कळला त्यालाच दुरुस्ती हा पराभव वाटत नाहीं.

ऑगस्ट १९२३ मध्यें नवा प्रबंध लंडनला रवाना झाला. तो मान्य होऊन नोव्हेंबरमध्यें डी. एस्सी. ची पदवी जाहीर झाली, आणि डिसेंबरमध्यें पी. एस्. किंग या लंडनच्या प्रकाशकांनीं ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रस्तावना प्रा. कॅनन यांचीच होती. शिष्याचीं बरींच मतें आपणांस पटत नाहींत हें त्यांनीं तींत मोकळेपणानें सांगितलें आणि त्याच्या विचारांतील ताजेपणाची प्रशंसाही केली. न पटणारें मत मांडणाऱ्या शिष्याच्या ग्रंथाला आपलें नांव देणारा गुरु, आणि गुरूला न पटलेलें मत कायम ठेवणारा शिष्य, असा योग विरळा. ग्रंथ अर्पण केला आहे तो आईवडिलांच्या स्मृतीला.

कोलंबियाचें काम अजून उरलेंच होतें. १९२५ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्यें छापून निघाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. छापील प्रती न्यूयॉर्कला पोहोंचल्या, आणि जून १९२७ मध्यें पीएच्. डी. ची पदवी रीतसर मिळाली. त्या वेळीं महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तीन महिने लोटले होते. त्याआधीं, डिसेंबर १९२५ मध्यें, हिंदी चलनाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या रॉयल कमिशनपुढें डॉ. आंबेडकरांनीं साक्ष दिली. ज्या विषयावरचा प्रबंध एकदां परत आला होता, त्याच विषयावर आतां सरकारी कमिशन त्यांचें मत विचारीत होतें.

नाशिकला या कथेशीं जोडणारा एक योगायोग आहे. हिंदुस्थान सरकारच्या नोटा पूर्वीं विलायतेंत छापून येत. १९२८ पासून त्या नाशिक रोडच्या छापखान्यांत छापूं लागल्या. चलनाला मर्यादा असावी असें सांगणारा अर्थशास्त्रज्ञ दोन वर्षांनीं त्याच शहरांत आला तो मात्र दुसऱ्याच प्रश्नासाठीं. काळारामाचा सत्याग्रह भाऊराव गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें चालविला. रामनवमीच्या रथाच्या वेळीं दगडफेक झाली, लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग सोसला. दरवाजे उघडले नाहींत. मार्च १९३४ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं गायकवाडांना पत्र लिहून हा लढा थांबविण्याचा सल्ला दिला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील येवलें येथें, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली.

अकरा वर्षें एका प्रबंधाचा पाठपुरावा करणारा मनुष्य मंदिराच्या दारावरून कां परतला, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. उत्तर या दोन दारांतील फरकांत आहे. विद्यापीठाचें दार जड होतें, पण त्याला नियम होता. छापील प्रती द्या, मुदतींत परत या, प्रबंध नव्यानें लिहा. इतकें केलें कीं तें उघडे, मग दारांत उभा असलेला कोणत्या जातीचा आहे हें तें विचारीत नसे. मंदिराच्या दाराला असा कोणताच नियम नव्हता. माणसानें काय केलें म्हणजे तें उघडेल याचें उत्तर आंत बसलेल्यांपाशीं नव्हतें, कारण अडचण त्याच्या करणीची नव्हती, जन्माची होती. चिकाटी हा मोठा गुण खरा, पण ती कोठें खर्च करावी हें ओळखणें हा तिच्याहून मोठा गुण होय.

त्यांनीं ती पुढें कोठें खर्च केली हेंही सर्वांसमोर आहे. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडलें. जे तरुण दिवसा नोकरी करून शिकूं इच्छीत त्यांची सोय व्हावी म्हणून त्या कॉलेजचे वर्ग सकाळीं भरत. स्वतः नोकरी आणि अभ्यास यांच्या कात्रींत सांपडलेल्या माणसालाच ती सोय सुचावी हें योग्यच होतें. १९५२ सालच्या जून महिन्यांत कोलंबिया विद्यापीठानें आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्मानपूर्वक बोलावून एल्. एल्. डी. ची पदवी दिली. या वेळीं त्याला छपाईचा खर्च पडला नाहीं.